आवाज वाक्याला सावरतो तेव्हा

वाचकाचे पत्र

मी माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेली मराठीची शिक्षिका आहे. धरणात गेलेल्या एका गावातील तीन पिढ्यांवर मी कादंबरी लिहिली असून तिचे सुमारे ७०,००० शब्द झाले आहेत. पुनर्लेखन करताना सगळे हस्तलिखित मोठ्याने वाचून काढावे, असे एका परिचित लेखकाने सुचवले. त्याप्रमाणे वाचू लागले, तर मला सगळेच चांगले वाटते. वर्गात आयुष्यभर धडे वाचले, कथाकथनाचे कार्यक्रमही केले, त्यामुळे वाचताना रंग भरतो आणि दुरुस्त करण्यासारखे काही सापडत नाही. तीच पाने दुसऱ्या दिवशी मनात वाचली की मात्र निर्जीव भासतात. माझी वाक्ये लांब आहेत. श्वास संपेल तिथे ती तोडावीत काय? घर लहान आहे, मुलगा-सून-नातू सगळे घरात असतात, त्यामुळे मोठ्याने वाचायला संकोच वाटतो. कादंबरी लोक मनातच वाचणार आहेत, तर एवढा खटाटोप खरोखर आवश्यक आहे काय? आणि असला तर तो थांबवायचा कधी?

एक वाचक, चिपळूण

उत्तर

सप्रेम नमस्कार.

मोठ्याने वाचताना पाने रंगतात आणि तीच पाने मनात वाचली की निर्जीव भासतात, हे तुमचे निरीक्षण मला तुमच्या सर्व प्रश्नांहून महत्त्वाचे वाटते. यातला एक अनुभव खरा आणि दुसरा भास, असे समजू नका. दोन्ही खरे आहेत. जे कागदावर उतरलेले नाही ते तुमचा आवाज पुरवतो आहे. कुठे थांबायचे, कोणत्या शब्दावर जोर द्यायचा, कोणते वाक्य झरझर म्हणायचे आणि कोणते रेंगाळत म्हणायचे हे तुम्हाला ठाऊक आहे, कारण प्रसंग तुमच्या डोळ्यांसमोर आहे आणि वर्गातल्या सरावाने गळाही तयार आहे. वाचकाकडे फक्त कागद असतो. तुमच्या आवाजाने भरून काढलेली प्रत्येक जागा त्याला रिकामी दिसते. म्हणून सल्ला देणाऱ्यांचे चुकले असे मला वाटत नाही. तुम्ही करत आहात ते सादरीकरण आहे, आणि पुनर्लेखनाला हवी असते ती तपासणी, एवढाच फरक आहे.

तेव्हा प्रथम वाचण्याची रीत बदला. पंचनामा वाचावा तशा सपाट, एकसारख्या आवाजात वाचा. स्वल्पविराम असेल तिथेच अर्धे थांबा, पूर्णविराम असेल तिथेच पुरते थांबा, आणि जिथे कोणतेही चिन्ह नाही तिथे मनाने थांबू नका. रडण्याच्या प्रसंगात आवाज कातर होऊ देऊ नका, भांडणात चढू देऊ नका. आजीचे वाक्य आजीच्या आवाजात म्हणू नका. तुमच्यासारख्या तयार वाचणाऱ्या व्यक्तीला हे सुरुवातीला जड जाईल, कारण आवाज पुन्हा पुन्हा मदतीला धावेल. तो जिथे धावतो ती प्रत्येक जागा मोलाची आहे. हातात पेन्सिल ठेवा आणि आवाज आपसूक चढला, थांबला किंवा एखाद्या शब्दावर टेकला की समासात एक छोटी खूण करून पुढे जा. दुरुस्ती त्याच वेळी करू नका. एकदा दुरुस्तीला बसलात की कान बंद होतो आणि लिहिणारी व्यक्ती पुन्हा जागी होते. मग पुढची दोन पाने तुम्ही ऐकत नाही, लिहीतच असता.

या खुणांमध्ये सर्वांत जास्त खुणा जोर दिलेल्या शब्दांच्या असतील, असा माझा अंदाज आहे. बोलताना आपण कोणताही शब्द आवाजाने उचलू शकतो. ‘आजीने दागिने विकले’ या वाक्यात ‘आजीने’ या शब्दावर जोर दिला, तर ते दुसऱ्या कोणी नव्हे तर आजीने विकले, असा अर्थ ऐकणाऱ्याला कळतो. कागदावरचे तेच वाक्य मात्र आजीने काय विकले याचे उत्तर देते. मराठीत क्रियापदाच्या लगेच आधी येणाऱ्या शब्दावर लक्ष आपोआप जाते, आणि आपली शब्दरचना बरीच लवचीक असल्याने ती जागा हव्या त्या शब्दाला देता येते. ‘दागिने आजीने विकले’ असे लिहिले की वाचकाच्या मनातला आवाज तुमच्याच आवाजासारखा आजीवर टेकतो. त्याला कोणी सांगावे लागत नाही. म्हणून जिथे जिथे तुम्ही शब्द आवाजाने उचलल्याची खूण केली असेल, तिथे आधी तो शब्द क्रियापदाजवळ आणून पाहा. ‘च’ हा दुसरा उपाय आहे, पण तो शेवटी करावा. पानावर पाच-सहा ‘च’ झाले की एकाचाही जोर उरत नाही, आणि सपाट वाचताना ते खिळ्यासारखे कानात टोचू लागतात. शब्द ठळक करणे किंवा उद्गारचिन्ह देणे हा उपाय तर कथात्म लेखनात मी सुचवणारच नाही.

थांबण्याच्या खुणांचेही असेच आहे. मोडी लिपीत ओळ अखंड चाले, शब्द सुटे लिहिण्याची रीत नव्हती, आणि बखर किंवा पत्र वाचणाऱ्याने अर्थाच्या आधाराने कुठे थांबायचे ते स्वतः ठरवायचे असे. पुष्कळदा एकाने वाचायचे आणि इतरांनी ऐकायचे अशीच प्रथा होती, तेव्हा कागदाने जे दिले नाही ते वाचणाऱ्याच्या आवाजाने दिले. आज आपण जी विरामचिन्हे वापरतो ती मराठीत एकोणिसाव्या शतकात छपाईच्या काळात आली, आणि ती रूढ करण्याचे श्रेय ब्रिटिश कोशकार मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. आता वाचणारा एकटा असतो, आणि चिन्हे हाच त्याचा आधार असतो. तुमचा आवाज जिथे थांबला आणि कागद थांबला नाही, तिथे एक तर स्वल्पविराम हवा आहे किंवा वाक्याचे सांधे बदलायला हवे आहेत. उलटही घडते. शालेय सवयीने ‘आणि’, ‘की’, ‘म्हणून’ यांच्या मागेपुढे आपण स्वल्पविराम पेरत जातो आणि सपाट वाचताना तिथे अडखळल्यासारखे होते. ते निर्धास्त काढून टाका.

लोक कादंबरी मनातच वाचणार, मग कानाची परीक्षा कशाला, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. मनात वाचतानाही बहुतेकांना शब्दांचा ध्वनी आतून ऐकू येत असतो. ओठ हलत नाहीत इतकेच. म्हणून लय बिघडलेले वाक्य मनात वाचणाऱ्यालाही खटकते, मात्र काय खटकले हे त्याला सांगता येत नाही, आणि तो पुस्तक बाजूला ठेवतो. लेखकाची अडचण निराळी असते. पुढे काय येणार हे त्याला माहीत असल्याने त्याचा डोळा ओळीवरून घसरत जातो, गळलेला शब्द मनाने भरून घेतो, दोनदा आलेला शब्द एकदाच पाहतो. जीभ तसे करू शकत नाही. तिला प्रत्येक अक्षर उच्चारावे लागते. फ्रान्समधील रूआँ शहराजवळ क्र्वासे इथे राहणारा कादंबरीकार गुस्ताव्ह फ्लोबेर आपली वाक्ये अभ्यासिकेत अक्षरशः ओरडून तपासत असे, आणि त्याने लिहिले ते गद्यच होते, मनात वाचण्यासाठीचे. आपल्याकडेही नाटक कंपनीला नाटक दिले की लेखकाने ते सर्वांसमोर वाचून दाखवायचे, ही जुनी पद्धत आहे. तुम्ही कथाकथन केले आहे म्हणून आणखी एक उदाहरण देतो. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी महाराष्ट्रभर कथाकथनाचे कार्यक्रम केले आणि लोकांनी त्यांना उदंड प्रतिसाद दिला. पण त्यांच्या कथा आजही छापील पानावर तितक्याच जिवंत वाटतात, कारण सांगणाऱ्याचा थांबा आणि ठसका त्यांच्या वाक्यरचनेतच बसलेला आहे. हेच तुम्हाला साधायचे आहे. तुमच्या आवाजात जे आहे ते फेकून देऊ नका, ते वाक्यात उतरवा.

आता लांब वाक्यांकडे वळू. श्वास संपेल तिथे वाक्य तोडावे, हा नियम मला मान्य नाही. श्वास वयाप्रमाणे, प्रकृतीप्रमाणे, अगदी दिवसाच्या वेळेप्रमाणे कमीजास्त होतो. त्याच्यावर वाक्याची लांबी ठरवली तर सगळी कादंबरी एकाच मापाच्या तुकड्यांची होईल. श्वास पुरला की नाही यापेक्षा एक वेगळी गोष्ट तपासा. वाक्य संपेपर्यंत तुम्हाला मनात काय काय धरून ठेवावे लागले? मराठीत क्रियापद शेवटी येते, त्यामुळे कर्ता सुरुवातीला येऊन बसला आणि मध्ये उपवाक्यांची रांग लागली, तर वाचक त्या कर्त्याला हातात धरून क्रियापदाची वाट पाहत राहतो. असे एक वाक्य करून पाहू: ‘आजोबांनी, ज्यांना कचेरीतल्या माणसाने तीनदा समजावले होते, ज्यांच्या शेजाऱ्यांनी आधीच नोटिसा घेतल्या होत्या आणि ज्यांना थोरल्या मुलाने हातापाया पडून विनवले होते, कागदावर अंगठा उठवला नाही.’ सपाट आवाजात वाचताना ‘उठवला नाही’ येईपर्यंत आजोबा विसरायला झालेले असतात. आता त्याच मजकुराची दुसरी मांडणी पाहा: ‘कचेरीतला माणूस तीनदा येऊन गेला, शेजारच्या घरांनी एकेक करून नोटिसा घेतल्या, थोरल्या मुलाने हातापाया पडून विनवले, तरी आजोबांनी कागदावर अंगठा उठवला नाही.’ हेही वाक्य लांबच आहे, श्वास याहीसाठी लागतो, पण प्रत्येक तुकड्याला त्याचे क्रियापद मिळाले आहे, गोष्टी घडल्या त्या क्रमाने आल्या आहेत, आणि आजोबांचा नकार जिथे यायला हवा तिथे, शेवटी, आला आहे. पहिल्या मांडणीत ‘ज्यांना, ज्यांच्या, ज्यांना’ ही ओढाताण आहे. बोलताना आपण असे कधी बोलत नाही. कीर्तनकाराची, आख्यान लावणाऱ्याची किंवा घरातल्या जुन्या माणसाची लांब वाक्ये दुसऱ्या मांडणीची असतात. म्हणून लांबीला भिऊ नका. जिथे वाचताना पुन्हा मागे जावेसे वाटले तिथेच वाक्य उलगडा किंवा तोडा.

‘-ऊन’ची साखळी मात्र सांभाळा. ‘उठून, चूल पेटवून, गोठा झाडून, दूध काढून, पोरांना उठवून आजी नदीवर गेली’ असे एखादे वाक्य दिवसाची घाई नेमकी दाखवते. त्याच परिच्छेदात तशी तीन वाक्ये आली की घाई नाहीशी होते आणि नुसती ‘ऊन-ऊन’ उरते. ‘च्या’चेही तसेच. ‘गावाच्या वेशीच्या बाहेरच्या वडाच्या पाराच्या कडेला’ हे डोळ्यांना चालून जाते, जिभेला नाही. ‘वेशीबाहेर वडाचा पार होता, त्याच्या कडेला’ असे म्हटले की जीभ मोकळी होते आणि चित्रही टप्प्याटप्प्याने दिसते.

याहून अवघड आणि मराठी गद्यात जवळजवळ सगळ्यांना भेडसावणारी गोष्ट म्हणजे वाक्यांचे शेवट. गतकाळातील कुटुंबकथेत तर ती हटकून येते. ‘आजी लवकर उठली होती. तिने चूल पेटवली होती. अंगणात बंब ठेवला होता. आजोबा ओटीवर बसले होते.’ क्रियापद शेवटी येत असल्याने दर वाक्य ‘होती-होता-होते’वर पडते, आणि चार वाक्यांत कानाला गुंगी येते. मनात वाचताना हा दोष लपतो, कारण डोळा शेवटच्या शब्दावर थांबत नाही. मोठ्याने वाचताना तो लपूच शकत नाही. त्यावर एकच एक उपाय नाही. बहुतेक वेळा पहिल्या वाक्यात ‘होते’ने काळ सांगून झाला की पुढे साधा भूतकाळ पुरतो: ‘आजी लवकर उठली होती. चूल पेटवून तिने अंगणात बंब ठेवला. ओटीवर आजोबा.’ शेवटचे वाक्य क्रियापदाविना उभे राहते, आणि अशी वाक्ये आपल्या भाषेत पूर्णपणे स्वाभाविक आहेत. कधी प्रसंग ऐन रंगात असताना वर्तमानकाळात जाता येते: ‘इतक्यात दारावर थाप पडते.’ कधी क्रियापद आधी आणून कर्ता मागे ठेवता येतो: ‘बसले होते आजोबा ओटीवर, काही न बोलता.’ या शेवटच्या रचनेचा मोह मात्र आवरा. ती बोलीतली असल्याने लगेच जिवंत वाटते, आणि म्हणूनच अलीकडच्या गद्यात तिचा अतिरेक झालेला दिसतो. एका प्रकरणात दोन-तीनदा आली तर ती लक्ष वेधते, पानोपानी आली तर ती लकब होते.

संवाद वेगळे काढून वाचा. एखाद्या दिवशी एका प्रकरणातील फक्त बोलणी वाचायची, मधले निवेदन आणि ‘म्हणाला-म्हणाली’ पूर्ण गाळायचे. कोण बोलते आहे हे नावाशिवाय कळले पाहिजे. मराठीत ‘जातो-जाते’, ‘तू-तुम्ही’, ‘अहो-अगं’ यांमुळे बोलणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याची ओळख क्रियापदातून आणि संबोधनातूनच पटते, तेव्हा अर्ध्याअधिक ‘म्हणाली’ खरे तर अनावश्यक असतात. तीन पिढ्यांच्या कथेत आणखी एक गोष्ट कानाने पकडता येते. दुसऱ्या प्रकरणात ‘मामंजी’ म्हणणारी सून नवव्या प्रकरणात सासऱ्यांना ‘बाबा’ म्हणू लागली, तर त्याला कथेत काही कारण आहे का, की लिहिताना मधल्या महिन्यांत तुमचीच सवय बदलली? नव्या पिढीची सून ‘बाबा’ म्हणते आणि जुनी ‘मामंजी’ म्हणते, या एका फरकात किती काळ लोटला हे सांगून होते. तो फरक जपायला हवा. गावाकडची बोली लिहिताना प्रत्येक शब्द उच्चाराप्रमाणे मोडून लिहिण्याचा आग्रह धरू नका. बोली शब्दांच्या रूपांपेक्षा वाक्याच्या वळणात जास्त असते. सपाट वाचल्यावरही ते वाक्य त्या गावचे वाटले, तर दोन-चार शब्द प्रमाण रूपात राहिले तरी बिघडत नाही. आणि वाटले नाही, तर सगळी रूपे बदलूनही ते प्रमाण भाषेचेच वाक्य राहते.

वेळेचा हिशेब आधी करून ठेवला तर धीर सुटणार नाही. मिनिटाला साधारण १०० शब्द धरले, तर ७०,००० शब्दांना ७०० मिनिटे, म्हणजे पावणेबारा तासांच्या आसपास लागतील, आणि खुणा करत वाचायचे म्हणून प्रत्यक्षात याच्या दीडपट धरा. एका बैठकीत ४० मिनिटांहून अधिक वाचू नका. गळ्याच्या आधी कान थकतो; थकलेल्या कानाला सगळे चालते. कागदावर छापून घ्या, लिहिताना पडद्यावर वापरता त्याहून वेगळ्या टंकात आणि मोठ्या अक्षरात, म्हणजे पाने थोडी परकी वाटतील. आणखी एक पथ्य पाळावे असे मला फार वाटते. बहुतेक लेखक दर वेळी पहिल्या पानापासून सुरुवात करतात, त्यामुळे पहिली तीन प्रकरणे अनेकदा घासली जातात आणि शेवटची तशीच राहतात. तुम्ही निदान एका फेरीत शेवटच्या प्रकरणापासून मागे या. संकोचाबद्दल म्हणाल, तर ‘मोठ्याने’ म्हणजे शेजारच्या खोलीत ऐकू जाईल असे नव्हे. स्वतःच्या कानाला प्रत्येक अक्षर स्पष्ट ऐकू आले की पुरे. दुपारी घर शांत असताना खिडकीशी बसून हे करता येईल. नुसते ओठ हलवणे मात्र चालणार नाही, कारण त्यात डोळा पुन्हा पुढे पळतो. घरच्यांना एकदा सांगून टाका की तुम्ही काम करत आहात. त्यांना ऐकवून दाखवण्याचा हेतू नाही हे कळले की तुमचा आणि त्यांचा, दोघांचाही अवघडलेपणा जाईल.

आणि तरीही तुमचा आवाज तुमच्याच बाजूचा आहे, हे विसरता येत नाही. म्हणून निवडक प्रकरणांना दुसऱ्याचा आवाज द्या. तुमच्या पत्रात नातवाचा उल्लेख आहे. त्याला वाचायला येत असेल आणि तो तयार असेल, तर आधी काही न सांगता दोन पाने त्याच्या हातात द्या आणि समोर तुमची प्रत घेऊन बसा. तो कुठे अडतो, कुठे ओळ पुन्हा धरतो, कुठे चुकीच्या शब्दावर जोर देतो, ते मुकाट्याने टिपा. त्याला दुरुस्त करू नका. शिक्षिकेच्या सवयीला हे फार कठीण जाईल, हे मी जाणतो. समजा तुमच्या कादंबरीत ‘पार बुडाला’ एवढेच वाक्य आहे. तुम्ही ते वाचाल तेव्हा वडाचा पार डोळ्यांपुढे येईल आणि आवाज त्या शब्दावर टेकेल. नातू वाचेल तेव्हा कोणी तरी पुरता बुडाला असे त्याला वाटेल. लेखकाने स्वतः शंभर वेळा वाचले तरी ही संदिग्धता त्याच्या कानाला कळत नाही. ‘जरा’ या शब्दाचे तर दोन अर्थांचे दोन उच्चार आहेत, थोडेसे या अर्थी एक आणि म्हातारपण या अर्थी दुसरा, आणि लेखकाच्या तोंडून नेहमी बरोबरच उच्चार येतो. अनोळखी वाचक कोणता उच्चार करील हे त्याच्याकडून वाचून घेतल्यावाचून समजत नाही.

माणूस मिळत नसेल तेव्हा फोनमधील मराठी मजकूर वाचून दाखवणारी सोय वापरा. तिचे उच्चार काही ठिकाणी चुकतील आणि लय तर नसतेच, तेव्हा वाक्य चांगले की वाईट हे तिच्यावरून ठरवू नका. पण यंत्राला तुमची कथा माहीत नसते. गळलेला शब्द ते भरून घेत नाही, दोनदा पडलेला ‘आणि’ ते दोनदाच म्हणते, आणि ‘तिचा’ऐवजी ‘तिच्या’ झाले असेल तर तसेच वाचते. कागद समोर धरून ते ऐकले की हे सगळे हाती लागते. स्वतःचे वाचन ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या दिवशी ऐकण्याचाही उपयोग होतो, मात्र ते सपाट वाचन असावे. रंग भरलेले ध्वनिमुद्रण तुम्हाला पुन्हा खूश करील आणि हाती काही लागणार नाही.

कानाच्या हाती नसलेल्या गोष्टीही आहेत, आणि त्यांच्यासाठी वाचनाची फेरी कधी घ्यायची हे ठरवावे लागते. प्रकरणांचा क्रम, एखाद्या पात्राचे मधेच नाहीसे होणे, मधल्या पिढीला मिळालेली अपुरी जागा, हे मोठ्याने वाचून उमगत नाही. कारण कान एका वेळी एका परिच्छेदाएवढेच धरतो. ती कामे आधी मनात वाचून, टाचणे काढून उरका. जे प्रकरण गाळायचेच आहे त्याची वाक्ये घासण्यात महिना घालवू नये. कथेचा सांगाडा पक्का झाला, त्यानंतर हस्तलिखित काही आठवडे बाजूला ठेवले, की मग मोठ्याने वाचायला बसावे.

थांबायचे कधी, हे तुमच्या पेन्सिलीच्या खुणांवरूनच कळेल. पहिल्या फेरीत पानापानावर खुणा पडतील, दुसरीत त्या विरळ होतील. पुढे कधी तरी असे लक्षात येईल की मागच्या वेळी काढलेला शब्द तुम्ही परत बसवता आहात किंवा बसवलेला स्वल्पविराम पुन्हा खोडता आहात. तिथे थांबा. त्यापुढचे बदल कानाने सुचवलेले नसतात, हस्तलिखित हातातून सोडवत नाही म्हणून केलेले असतात.

राहिले शुद्धलेखन. तिथे कानावर विसंबू नका. शब्दाच्या शेवटी येणारे ह्रस्व-दीर्घ इकार-उकार आपण बोलताना फारसे वेगळे उच्चारत नाही, ‘श’ आणि ‘ष’ तर बहुतेकांच्या तोंडी एकच झाले आहेत. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम, १९६२चे १४ आणि १९७२मध्ये वाढवलेले ४, तुम्ही शाळेत शिकवलेलेच असतील. ‘भूमी’ दीर्घ पण ‘भूमिहीन’ ऱ्हस्व, ‘ठेवून’ पण ‘धुऊन’, ही जोडी तुमच्या विषयात वारंवार येणार, आणि ती फक्त डोळाच तपासू शकतो. ते काम मुद्रिते, म्हणजे छपाईआधी तपासायला येणारी पाने, हातात आल्यावर, ओळीखाली पट्टी धरून, शेवटच्या परिच्छेदाकडून पहिल्याकडे येत करा, म्हणजे कथा तुम्हाला ओढून नेणार नाही. त्या वेळी एखादे वाक्य पुन्हा म्हणून पाहावेसे वाटले तरी चुकीखेरीज त्यात काही बदलू नका. मुद्रितात केलेला वाक्यबदल पुढच्या ओळी सरकवतो, आणि सरकलेल्या ओळींत नव्या चुका शिरतात.